मिस्त्रीने सांगितलेली गाडी

मिस्त्रीने मला ती गाडी घ्यायला सांगितलं नव्हतं. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं तरी कोणाच्या तरी डोळ्यांखालून जावं. आमच्या कॉलनीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आणि धुळ्याला माझ्या सासुरवाडीत लोक आजही बिनधास्त सांगतात की सरांना त्या मिस्त्रीने फसवलं, शोरूमवाल्यांकडून त्याने काहीतरी खाल्लं असणार. जो माणूस त्या शोरूममधला चहासुद्धा प्यायला नाही त्याच्याबद्दल हे बोललं जातं. आणि हे लोकांना सांगितलं कोणी? मी. अर्धं तोंडाने, अर्धं गप्प राहून.

मी जळगावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. पन्नाशी उलटली आहे. स्वभावाने कमी बोलणारा. लोक याला सभ्यपणा म्हणतात आणि मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. ज्यांना लोक मिस्त्री म्हणतात त्यांना मी चाचा म्हणतो. ते राहतात नशिराबादला, गॅरेज जळगावात हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. माझी जुनी डिझेल जीप त्यांनी सतरा-अठरा वर्षं सांभाळली. यावलकडे आमची केळीची बाग आहे, तिथे एकदा जीप बंद पडली तर भर मे महिन्यात हत्यारांची पिशवी घेऊन बसने आले, डांबरी सोडून पुढचा कच्चा रस्ता पायी चालत.

आमच्याकडे कोणालाही गाडी घ्यायची असली, जुनी असो की नवी, की मिस्त्रीला सोबत न्यायची पद्धत आहे. घेणारा डॉक्टर असो नाहीतर इंजिनिअर. मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारतो, बॉनेट उघडतो, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतो आणि हो किंवा नाही म्हणतो. चाचांनी नाही म्हटलेली गाडी जळगावात लवकर विकली जात नसे, इतकं त्यांच्या शब्दाला वजन होतं. गेल्या काही वर्षांत नव्या गाड्या कंपनीच्याच वर्कशॉपला जाऊ लागल्या, गॅरेजमधलं काम कमी झालं, आणि लोकांच्या गाड्या पाहून देणं हाच त्यांचा मोठा धंदा उरला. म्हणजे शब्द हाच धंदा. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

जीप काढून इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं आम्ही ठरवलं. दोन गाड्यांवर येऊन थांबलो. दोन्ही त्या मधल्या जातीच्या, धड मोटारही नाही आणि धड जीपही नाही, दिसायला दांडग्या. एकीचं छत पूर्ण काचेचं, बॅटरी मोठी, एका चार्जिंगमध्ये धुळ्याला जाऊन परत येऊन वर उरेल इतकी. दुसरी साधी, पत्र्याच्या छताची, बॅटरी लहान, धुळ्याहून परतताना मध्ये कुठेतरी थांबावं लागेल कदाचित अशी. पण उंच.

चाचांना मी विचारलं तेव्हा ते हसले. "सर, ज्या गाडीनं माझं दुकान बंद होणार, तीच निवडायला मले नेता?"

"नको असेल तर राहू द्या," मी म्हणालो.

"येतो ना. तुम्ही काय ऐकणार आहे का कोणाचं, पण येतो."

त्या दिवशी ते धुतलेला पांढरा कुर्ता घालून आले होते. एरवी मी त्यांना ऑइलच्या कपड्यांतच पाहिलेलं. शोरूमच्या काचेच्या दारात त्यांनी चपला काढल्या. काढायची गरज नव्हती, पण आतली फरशी पाहून काढल्या असाव्यात. टाय लावलेला विक्रेता माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "या सर. हे तुमचे ड्रायव्हर का?"

मी म्हणालो, "हो, म्हणजे, आमच्या ओळखीचे आहेत."

यातला "हो" मला आजही ऐकू येतो. अठरा वर्षं ज्यांच्या हाताखालून माझी गाडी गेली, आणि माझ्या बायको-मुलीचा जीवही त्याच गाडीत होता, त्यांना मी एका टायवाल्यासमोर ड्रायव्हर होऊ दिलं. ड्रायव्हर असणं काही कमीपणाचं नाही. पण त्या पोराने ज्या स्वरात विचारलं त्यात ते कमीपणाचं होतं आणि मी त्या स्वराला हो म्हणालो.

चाचांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकून सोडून दिलं. ते काचेच्या छताच्या गाडीच्या शेजारी उभे राहिले, बॉनेट उघडायला सांगितलं, आत पाहिलं आणि मान हलवली. "इथं ऐकायचं काय? आवाजच नाही." मग खांद्यावरचा गमछा चकचकीत फरशीवर पसरला आणि सरळ पाठीवर आडवे झाले. गाडीखाली हात घातला, बोटं ताणून वीत लावली.

"ओ चाचा, उठा उठा," विक्रेता धावला. "कस्टमर आहेत इथे. असं झोपायचं नाही. बाहेर खुर्च्या आहेत, तिकडे बसा तुम्ही."

मी माहितीपत्रक वाचत राहिलो. चाचा उठले, गमछा झटकला, घडी घातली, आणि बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले, खुर्चीवर बसले नाहीत. कस्टमर मी होतो. मला त्या माणसाचं मत हवं होतं म्हणून मी त्याला आणलं होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर तो टायवाला स्वतः गमछा अंथरायला लागला असता.

दुसऱ्या शोरूममध्ये निदान कोणी अडवलं नाही. तिथेही त्यांनी वीत लावली. परत येताना रिक्षात, जीप तेव्हा विकायला काढलेली होती, त्यांनी मला जे सांगितलं ते मी शब्दशः लिहितो, कारण सगळं याच्यावरच आहे.

"सर, बॅटरीचं मले काही कळत नाही. मोटरचंही नाही. ते तुम्ही वाचा, तुम्ही मास्तर आहात. मले पोट कळतं. पहिलीच्या पोटाखाली माझी वीत जात नाही. चार माणसं बसली की आणखी खाली येईल. दुसरीच्या पोटाखाली वीत आरामात जाते. तुमच्या बागेच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी चाकोऱ्या पडल्यात, मधला उंचवटा मी पाहिलेला आहे. पहिली तिथं टेकेल. आणि या गाड्यांची बॅटरी पोटातच असते म्हणता ना? मग टेकेल ती बॅटरी. पहिली नका घेऊ."

रिक्षातून उतरताना म्हणाले, "आणि जळगावात काचेचं छत? अंडी उबवायचीत का?"

एवढं स्पष्ट. कळतं ते सांगितलं, कळत नाही तेही सांगितलं. मी शिकवलेल्या किती मुलांना, किंवा मला स्वतःला, इतकं स्वच्छ सांगता येईल याची शंका आहे.

घरी बायकोने दारातच विचारलं, "चाचा काय म्हणाले?" तिचा चाचांवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. कोटेशनचे कागद तिने पाहिलेही नाहीत. "ते म्हणतील ती घ्या, मला त्यातलं काही कळत नाही."

मी म्हणालो, "त्यांना काचेच्या छताची आवडली."

का म्हणालो? खरं कारण इतकं फालतू आहे की ते लपवायला मी दीड वर्ष घालवलं. आमचे उपप्राचार्य, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, एकेकाळी माझ्या हाताखाली प्रॅक्टिकल घेणारे, त्यांनी तीच गाडी घेतली होती. कॉलेजच्या पार्किंगमध्ये चिंचेखाली त्यांची गाडी उभी असे आणि काचेच्या छतावर चिंचेची पानं पडलेली असत. मला माझी गाडी तिच्या शेजारी लावायची होती. बस. अंतर, चार्जिंग, बॅटरी हे सगळं मी नंतर जुळवलं. भौतिकशास्त्रवाल्याला असं जुळवणं चांगलं जमतं.

गाडी आली. चार महिने मी खूष होतो. मे महिन्यात छताला आतून पडदा लावून घेतला, तेव्हा उपप्राचार्यांनीही लावला आहे हे कळून बरं वाटलं, इतका मी खालच्या पातळीला गेलो होतो. मग पावसाळा संपताना एका रविवारी मी, बायको, तिची बहीण आणि बहिणीचे यजमान असे चौघे बागेत गेलो. घड कापायला आले होते, ते पाहायचे होते. रस्ता वाळलेला, चाकोऱ्या घट्ट, मधला उंचवटा गवताने झाकलेला. खालून एक आवाज आला, पोत्याखाली वीट सरकल्यासारखा, आणि समोरच्या स्क्रीनवर लाल चिन्ह पेटलं. गाडी तिथेच थांबली. ट्रॅक्टरने ओढून डांबरीपर्यंत आणली. साडूंनी सगळं फोनवर शूट केलं.

वर्कशॉपवाले म्हणाले, बॅटरीच्या पेटीला खोक पडली आहे, बाहेरून लागलेलं आहे, वॉरंटीत बसत नाही, पूर्ण पेटी बदलावी लागेल. दोन महिने गाडी तिथे आणि मी रिक्षाने कॉलेजात. त्यांच्यावरही मी चिडलो, लांबलचक तक्रारी लिहिल्या. पण त्या तक्रारींमध्ये मी हे लिहिलं नाही की मला आधी कोणीतरी सांगितलं होतं.

त्याच हिवाळ्यात धुळ्याला सासुरवाडीत भरताचा बेत होता. बायकोचे मोठे भाऊ, त्यांना सगळे नाना म्हणतात, सोनगीरजवळ त्यांचं शेत आहे. तिथे तुरीच्या वाळक्या तुराट्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत कुटायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि वीस-पंचवीस माणसं पंगतीला. साडूंचा व्हिडिओ अर्थातच माझ्या आधी तिथे पोचला होता. एकेक जण पाहून हसत होता. नानांनी फोन हातात घेतला, सावकाश पूर्ण पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पाव्हणे, तुम्ही एवढा शिकेल माणूस. तुमले कोणी सांगं ही गाडी लेवाले?"

पंगत थांबली. पंचवीस माणसं माझ्याकडे पाहत होती. आणि मी उत्तर द्यायच्या आत माझी बायको, बिचारी अगदी सरळ मनाने, म्हणाली, "आमच्या मिस्त्रीने. त्यांनी दोन्ही पाहून हीच सांगितली. हो ना हो?"

मी म्हणालो, "हं."

एवढंच. एक हुंकार. पुढचं सगळं दुसऱ्यांनी केलं. नाना म्हणाले, "डिझेलना माणूस तो, त्याले बॅटरीनं काय समजस?" साडू म्हणाले, "समजत नसेल असं नाही नाना, कमिशन मिळत असतं यांना शोरूमकडून." कोणीतरी विचारलं मिस्त्री कोण, कुठला, आणि सांगितल्यावर जी एक मान हलली, ओठ जसे वळले, आणि "मग बरोबर आहे" असं जे म्हटलं गेलं, ते मी इथे आणखी उलगडून लिहीत नाही. सगळ्यांना समजतं ते. तिथे बसलेल्या एकानेही चाचांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं होतं. माझ्या ताटात भरीत होतं आणि मी ते खात होतो.

धुळ्यात उठलेली गोष्ट जळगावात यायला कितीसा वेळ लागतो? साडू आमच्याच कॉलनीत राहतात. पंधरा दिवसांत स्टाफरूममध्ये मला सहानुभूती मिळू लागली. "सर, तुमच्या बाबतीत तर त्याने हद्दच केली." एका गणिताच्या सरांनी जुनी गाडी पाहायला चाचांना बोलावलं होतं, ते रद्द केलं. शेजारच्या डॉक्टरांनीही तेच केलं. मी हे सगळं ऐकत होतो आणि माझा सभ्यपणा सांभाळत होतो. गॅरेजवरून जायचं टाळण्यासाठी मी आतल्या गल्लीने कॉलेजला जाऊ लागलो, दुरुस्त होऊन आलेल्या त्याच गाडीतून.

शेवटी गेलो, तो काही मोठ्या पश्चात्तापाने नाही. बायकोला बाजारात चाचांच्या घरच्या भेटल्या आणि तोंड फिरवून गेल्या. ती घरी येऊन रागाने म्हणाली, "आपल्याला बुडवलं यांनी आणि वर यांचाच तोरा." तेव्हा मला ते सहन झालं नाही. मी तिला माझं खोटं सांगितलं. तिने हातातली बाजाराची पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "माझ्या तोंडून वदवलंत तुम्ही ते. माझ्या भावासमोर." आणि उठून गेली. दोन दिवस स्वयंपाक झाला, बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅरेजवर गेलो. शेडमध्ये एक जुनी पेट्रोल व्हॅन होती फक्त. चाचा स्टूलवर बसून स्पार्क प्लग साफ करत होते. मी उभ्या उभ्या माझं खोटं सांगितलं, उपप्राचार्यांच्या गाडीसकट. त्यांनी मध्येच थांबवलं नाही, हातातलं कामही थांबवलं नाही.

मग म्हणाले, "मले कशाला सांगता सर? मी काय सांगितलं ते मले ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

"माफी मागायला आलो होतो."

"ते झालं ना मग." प्लगवर फुंकर मारली, उजेडात धरून पाहिला. "माझा मोठा भाऊ मले विचारतो, खरंच घेतले का रे पैसे? घरातला माणूस विचारतो. त्याला काय माफीची चिठ्ठी दाखवू? जा तुम्ही. सांगा त्यांना. माझं नाव-बिव कुठं छापू नका फक्त. जेवढं झालं तेवढं पुरे."

म्हणून या लिखाणात नावं नाहीत.

पुढच्या रविवारी मी एकटा धुळ्याला गेलो. नाना ओट्यावर बसले होते, साडूही आलेले होते, शेजारचे दोघे-तिघे होते. मी मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं. चाचांनी गाडी घेऊ नका म्हटलं होतं, कारण देऊन म्हटलं होतं, मी खोटं बोललो. माझा आवाज चढला होता, मला आठवतं. आयुष्यात सासुरवाडीत माझा आवाज पहिल्यांदा चढला.

नाना ऐकत होते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजाऱ्यांना म्हणाले, "देखा, केवढा मोठा मनना माणूस शे. समोरच्यानं याले बुडाडं तरी त्याच्यावर टाकत नही, स्वतःवर घेस."

मी म्हणालो, "नाना, मी खरं सांगतोय. त्यांनी नाही म्हटलं होतं."

"हो हो," साडू म्हणाले. "तो गयावया करायला आला असेल. सर असेच आहेत हो, पाघळतात. वर्गात कॉपी करणाऱ्यालाही सोडतात."

सगळे हसले. चहा आला. मी अर्धा तास ओरडत राहिलो असतो तरी मी जास्तच मोठ्या मनाचा झालो असतो, एवढंच. मला आजवर कोणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. मी खोटं बोललो तेव्हा एका हुंकारात त्यांनी विश्वास ठेवला. खरं बोललो तर पुरावा मागायलाही तयार नाहीत. कारण त्यांना गाडीशी देणंघेणं नव्हतंच. त्यांना एक माणूस हवा होता ज्याच्यावर हे ढकलता येईल, आणि तो माणूस कसा असावा हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. मी फक्त पत्ता दिला.

गेल्या महिन्यात त्याच गणिताच्या सरांनी जुन्या गाडीचा विचार सोडून इलेक्ट्रिकचा केला. त्यांच्याही समोर त्याच दोन गाड्या. मला विचारलं. मी म्हणालो, चला गॅरेजवर, चाचांना विचारू. ते म्हणाले, त्याला नको, तुम्ही सांगा. मी सांगितलं की दुसरी घ्या, उंच आहे, तुमचंही शेत आहे, आणि हे माझं मत नाही, चाचांचं आहे, त्यांनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्यांनी दुसरी घेतली. परवा स्टाफरूममध्ये पेढे वाटत होते. "सरांच्या सल्ल्याने घेतली. शेतात एकदम मस्त चालते."

मी पेढा हातात घेतला नाही. म्हणालो, "मी तुम्हाला सांगितलं होतं हा सल्ला कोणाचा."

"हो, तेच ते," ते म्हणाले. "तुमच्याकडूनच कळलं ना पण?"

तेच शब्द. चाचांच्या तोंडात असताना त्यांची किंमत शून्य, माझ्या तोंडात आले की पेढे. उपप्राचार्य समोरच बसले होते. तेव्हा मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिंचेखालची जागा सांगितली, फरशीवरचा गमछा सांगितला, बायकोला काय म्हणालो ते सांगितलं, आणि शोरूममध्ये हे तुमचे ड्रायव्हर का असं विचारल्यावर मी काय म्हणालो, जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं आणि चाचांनाही नाही, तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. मोठ्या मनाचाही कोणी म्हणालं नाही. गणिताच्या सरांनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं.

तास संपायला अजून दहा मिनिटं होती. तरी दोघे हजेरीपट उचलून उठले. उपप्राचार्य खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हणालो, "बसा, अजून संपलेलं नाही," आणि धुळ्याच्या पंगतीचं सांगायला सुरुवात केली.